डांगाणांतील धार

आज सकाळीं आपल्या घरीं दूध आलें असेल. पिशवी कातरून तें पातेल्यांत ओतलें गेलें, तापलें, चहांत पडलें आणि मुलांच्या पेल्यांतही गेलें. पिशवीवर स्निग्धांश किती, तारीख कोणती, किंमत काय, हें सारें छापलेलें असतें. एक गोष्ट मात्र छापलेली नसते. हें दूध कोणीं काढलें, कसें काढलें, आणि काढतांना गाईच्या शेजारीं कोण उभें होतें, हें तेथें लिहिलेलें नसतें. तें लिहिणें शक्यही नाहीं. कारण एका पिशवींत अनेक गोठ्यांचें दूध एकत्र झालेलें असतें. त्यांपैकीं कांहीं गोठे डोंगरांतील आदिवासी पाड्यांवर असतात. तेथें गाय एक किंवा दोन, दूध लिटर-दोन लिटर, आणि धार काढणारी बहुधा घरांतील स्त्री. त्या धारेविषयीं आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे.

मी पशुवैद्य नव्हें. प्राथमिक शाळेचा निवृत्त मास्तर आहें. नोकरीचीं बावीस वर्षें माझीं अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांत, अकोले तालुक्याच्या पश्चिम भागांत गेलीं. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या कुशींतील या मुलुखास तिकडे डांगाण म्हणतात. वस्ती मुख्यतः महादेव कोळी व ठाकर या जमातींची. पावसाळ्यांत येथें आभाळ फाटतें, आणि चैत्र-वैशाखांत त्याच डोंगरांतल्या बायांना हंडाभर पाण्यासाठीं कडा उतरावा लागतो. ही पाण्याची गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आदिवासी आणि दूध म्हटलें कीं शहरांत दोन तऱ्हेचे समज आढळतात. एक असा कीं, हे लोक दूध काढीतच नाहींत. दुसरा असा कीं, काढतात, पण त्यांना तें काढतां येत नाहीं. दोन्ही समज घाईचे आहेत. छोटा नागपूरच्या पठारावरील मुंडा, हो, संताळ या जमातींत गाय-बैल नांगरासाठीं पाळावे आणि दूध वासरासाठीं ठेवावें अशी पूर्वापार रीत होती, हें खरें. पण निलगिरीवरील तोडा लोक पाहा. त्यांचा सारा धर्मच म्हशीच्या दुधाभोवतीं रचलेला. दूध घुसळण्याची जागा हेंच त्यांचें देऊळ, आणि तेथलें दुग्धकर्म पुरुष पुजाऱ्याचें. रिव्हर्स नांवाच्या इंग्रज विद्वानानें १९०६ सालीं त्यांच्यावर जो जाड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा मोठा भाग या दुग्धशाळांच्या विधींनींच व्यापला आहे. म्हणजे ‘आदिवासी’ या एका शब्दाखालीं दुधाला हात न लावणारे आणि दुधाला पुजणारे असे दोघेही येतात. डांगाणांतील माणूस या दोहोंच्या मध्यें कोठेंतरी उभा आहे. तो दूध काढतो. पण सगळें काढीत नाहीं.

त्याची गाय डांगी जातीची. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबूस डाग, काळे टणक खूर, आणि कातडीला एक प्रकारचा तेलकटपणा, ज्यामुळें मुसळधार पावसांतही पाणी अंगांत मुरत नाहीं. भातखाचरांत चिखलणी करावयास या जातीच्या बैलासारखा बैल नाहीं. राजूरास डांगी जनावरांचें प्रदर्शन भरतें, तेथें लोक कौतुकानें पाहतात ते मुख्यतः वळू आणि बैल. दुधाचें मान बेताचेंच. एका वेतास चार-पांचशें लिटर दिलें तर तिकडे गाय चांगली म्हणावयाची. याच तालुक्याच्या पूर्वेस, प्रवरेच्या पाटपाण्यावर, संकरित गायी एका वेळेस दहा-दहा लिटर देतात. हा फरक न ओळखतां एकीचे नियम दुसरीला लावले म्हणजे काय होतें, तें मी पुढें सांगणार आहें. कारण तो अपराध माझ्या हातून घडला आहे.

आतां धार कशी काढतात तें पाहूं. पहांटे चूल पेटवून बाई गोठ्यांत येते. गोठा म्हणजे बहुतेक घराचाच एक भाग. मध्यें कुडाची भिंत, आणि कित्येकदां तीही नाहीं. रात्रभर वासरूं निराळें बांधलेलें असतें. बाई प्रथम गाईपुढें पेंढ्याची एक पेंडी टाकते, तिला नांवानें हांक मारते, पाठीवरून हात फिरविते आणि मग वासरूं सोडते. तें धांवत येऊन कासेला ढुशा देतें. मिनिटभरांत गाईची चर्याच पालटते. ती मान वळवून वासराला चाटूं लागते, सड भरून ताठ होतात, आणि वासराच्या ओठांच्या कडांना फेंस दिसूं लागतो. यालाच आपण पान्हा फुटणें म्हणतों. लागलीच बाई वासराला ओढून गाईच्या पुढच्या पायाशीं, तिला चाटतां येईल असें, बांधते आणि उकिडवी बसून, गुडघ्यांत भांडें धरून, धार काढूं लागते. चार सडांपैकीं दोन किंवा तीन सड ती पिळते, उरलेला वासराचा. पिळलेल्या सडांतलेंही दूध ती शेवटच्या थेंबापर्यंत घेत नाहीं. धारेचा जोर ओसरूं लागला कीं उठते आणि वासराचें दावें सोडते.

हें सारें पाहून शहरांतला शिकलेला मनुष्य म्हणतो, ‘वासराला अगोदर पाजावयाचें आणि मग आपण घ्यावयाचें, हा भोळेपणा झाला.’ मीही तेंच म्हणत असें. पण पान्हा म्हणजे काय, हें शास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे हा भोळेपणा नव्हें, हें कळूं लागतें.

गाईची कास म्हणजे दुधानें भरलेली पखाल नव्हें. धारेच्या वेळीं कासेंत जें दूध असतें, त्यांतला सुमारें पांचवा हिस्साच सडाच्या वरच्या पोकळींत उतरलेला असतो. बाकीचें दूध कासेच्या मांसांत असंख्य सूक्ष्म पिशव्यांत अडकलेलें असतें. म्हशींत तर खालीं उतरलेलें दूध याहूनही कमी असतें. वरचें दूध नुसतें ओढून खालीं येत नाहीं. वासराच्या जिभेचा किंवा हाताचा स्पर्श सडाला झाला कीं त्याची वर्दी गाईच्या मेंदूस पोहोंचते; मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथींतून ऑक्सिटोसिन नांवाचा रस रक्तांत सुटतो; तो कासेंत पोहोंचला कीं त्या सूक्ष्म पिशव्यांभोवतींचे तंतू आवळले जातात आणि दूध खालीं ढकललें जातें. या साऱ्या व्यवहारास अर्ध्यापासून एक मिनिट लागतें. रसाचा अंमल फार वेळ टिकत नाहीं. पांच-सात मिनिटांत तो ओसरतो. म्हणून धार एकदां सुरू केली कीं मध्यें गप्पा मारावयास उठूं नये, आणि हात सारखा चालावा, असें जें जुनीं माणसें सांगतात तें अगदीं बरोबर आहे.

याच्या उलट भीतीचा परिणाम. जनावर घाबरलें कीं त्याच्या रक्तांत निराळाच रस उतरतो, आणि तो पान्ह्याला अडवितो. अमेरिकेंत ईली आणि पीटरसन या दोघां संशोधकांनीं १९४१ सालीं जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यांत गाईला दचकविण्यासाठीं तिच्या पाठीवर मांजर ठेवलें आणि जवळच कागदी पिशव्या फोडून आवाज केले. गाईनें दूध चोरलें. मोठमोठ्या उपकरणांच्या युगांत मांजर आणि कागदी पिशवी यांनीं शास्त्रांत जागा मिळविली, याची मला नेहमीं गंमत वाटते. डांगाणांतल्या बाईनें तो निबंध वाचलेला नाहीं. पण धारेच्या वेळीं ती कुत्र्याला गोठ्याबाहेर हांकलते आणि नवख्या माणसाला दारांतच थांबविते. मला तिनें कित्येकदां थांबविलें आहे.

आतां, जास्त दूध देण्यासाठीं पिढ्यान् पिढ्या निवडलेल्या परदेशी जातींच्या गायी, आणि त्यांच्या संकरांतून झालेल्या बहुतेक गायी, वासरूं नसतांही पान्हा सोडतात. भांड्याचा आवाज, खुराकाची पाटी, ओळखीचा हात, एवढें त्यांना पुरतें. आपल्या देशी गाईंचें तसें नाहीं. त्यांतल्या पुष्कळजणी वासरूं पाहिल्याशिवाय दूध सोडीत नाहींत. मग ज्याला वासरूं पोसावयाचें नाहीं, पण दूध पाहिजे, तो काय करतो? शहरांतल्या गवळीवाड्यांनीं यावर जे उपाय शोधले ते सांगावयास बरे नव्हेत. मेलेल्या वासराच्या कातड्यांत पेंढा भरून तें सोंग गाईपुढें उभें करणें हा त्यांतला सौम्य प्रकार. फुंका हा दुसरा. त्यांत गाईच्या गुप्त अवयवांत हवा फुंकून तिला पान्हा सोडावयास लावीत. कलकत्त्याच्या गवळ्यांकडून गाई-म्हशींचे जे हाल होत, त्यांविषयीं वाचनांत आल्यानें गांधीजींचा दुधाविषयींचा विरोध बळावला आणि १९१२ सालीं टॉलस्टॉय फार्मवर त्यांनीं दूध सोडलें, हें त्यांनीं आत्मकथेंत लिहून ठेवलें आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें फुंका हा गुन्हा ठरला. त्याच कलमांत दूध वाढविण्यासाठीं अपाय करणारें इंजेक्शन टोंचणेंही येतें. तरी त्याच ऑक्सिटोसिनच्या सुया पुढें गोठ्यांत आल्याच. २०१८ सालीं केंद्र सरकारनें त्या औषधाच्या खाजगी उत्पादनावर बंदी घातली. पण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबविण्यास तेंच औषध लागतें, म्हणून दिल्लीच्या उच्च न्यायालयानें ती बंदी त्याच वर्षीं रद्द केली. इकडे डांगाणांत मात्र हें औषध रोज सकाळीं फुकट तयार होतें. त्यासाठीं एक वासरूं जिवंत ठेवावें लागतें, इतकेंच.

हें मला कसें कळलें, तें आतां सांगतों. १९८९ सालची गोष्ट. मी त्या भागांत नवा होतों, आणि नव्या मास्तराला जो उत्साह असतो तो माझ्यांतही होता. कोठूनशी एक छापील पुस्तिका माझ्या हातीं आली होती. वासरूं जन्मतांच गाईपासून तोडावें, त्याला तांटलींत दूध पाजावयास शिकवावें, म्हणजे दूध स्वच्छ मिळतें, मोजतां येतें, आणि वासराला किती गेलें तेंही कळतें, असें त्यांत लिहिलें होतें. लिहिलें होतें तें खोटें नव्हतें. तें संकरित गाईंसाठीं होतें. माझ्या चौथीच्या वर्गांतल्या एका मुलाच्या घरीं श्रावणांत गाय व्याली होती, आणि कालवड झाली होती. मी त्यांच्या घरीं जाऊन पुस्तिका वाचून दाखविली. बापाला पटलें, निदान गुरुजींना नाहीं कसें म्हणावें, असें त्याला वाटलें. त्याची म्हातारी आई मात्र चुलीपाशीं बसून म्हणाली, “गुरुजी, तिला वासरू दिसलं पायजे.” मी हंसलों.

पहिल्या दिवशीं गाईनें थोडें दूध दिलें. दुसऱ्या दिवशीं त्याहून थोडें. तिसऱ्या दिवशीं ती पाय झाडूं लागली. मागचे पाय दोरीनें बांधून धार काढावी लागली, आणि भांड्याच्या तळाशीं काय तें पडलें. चौथ्या दिवशीं म्हातारीनें कोणास न विचारतां कालवड गाईपुढें नेली. पण गाईनें हुंगून तिला शिंगानें दूर केली. तिकडे तांटली धुवावयास पावसाळी गढूळ पाणी. कालवडीला हगवण लागली आणि नवव्या दिवशीं ती मेली. गाय त्या वेतास आटली. घरांत तान्हें मूल होतें. त्याच्या दुधाची सोय गेली, आणि तीन-चार वर्षांनीं जी गाय दावणीला उभी राहिली असती तीही गेली. मला कोणीं एका शब्दानें बोललें नाहीं. मुलगा मात्र पंधरा दिवस शाळेंत आला नाहीं. आला तेव्हां मागच्या रांगेंत बसला.

पुढच्या वेतास म्हातारीनेंच मला बोलावणें पाठविलें. म्हणाली, “पुस्तक ठेवा घरी, हातानं शिका.” मी तिच्याजवळ उकिडवा बसून धार काढावयास शिकलों. त्या वेळीं जें पाहिलें, त्यावर मी पुढें पुष्कळ विचार केला.

पहिली गोष्ट वांटणीची. वासराला पहिला घोट आणि शेवटचा घोट मिळतो, मधला आपला. सडाच्या तोंडाशीं जें दूध रात्रभर थांबलेलें असतें, त्यांत जंतू सर्वांत अधिक आणि स्निग्धांश सर्वांत कमी. तें वासराच्या पोटांत जातें, आणि जंतुनाशक रस असलेल्या त्याच्या जठरास तें बाधत नाहीं. उलट शेवटच्या धारेंत स्निग्धांश सर्वांत अधिक. पहिल्या धारेंत तो शेंकडा एक-दोन असला, तर शेवटच्या धारेंत सहा-सात, कधीं त्याहूनही वर जातो. म्हणजे म्हातारी वासरासाठीं सडांत ठेवी तें उष्टें नव्हतें. ती साय होती. वासरानें कास पुरती मोकळी केली म्हणजे कासेंत दूध सांचून राहत नाहीं, आणि सांचलेल्या दुधांत वाढणारा रोगही कमी होतो. वासराला थोडा वेळ पाजून दूध काढण्याच्या या पद्धतीनें कासेचा दाह कमी आढळतो, असें अनेक देशांतल्या निरीक्षणांतून दिसलें आहे.

पण या वांटणीवर अलीकडे एक नवाच तराजू आला आहे. पूर्वी पाड्यावरचें दूध घरांत खपत असे, किंवा त्याचें तूप होऊन बाजारीं जात असे. आतां संकलन केंद्रावर यंत्रानें स्निग्धांश मोजतात आणि त्यावर भाव ठरतो. गाईच्या दुधास ३·५ स्निग्धांश व ८·५ इतर घनांश हा पाया धरतात; त्याखालीं गेलें कीं पैसे कापले जातात. शेवटची धार वासराला सोडणारीचें दूध यंत्राला पातळ दिसतें. ज्या बाईनें वासराला साय दिली तिचे पैसे कापले जातात, आणि जिनें वासराला उपाशी ठेवून सड कोरडे केले तिला वरचा भाव मिळतो. यंत्र खोटें बोलत नाहीं. पण त्याला वासरूं दिसत नाहीं. आपण शहरांत दाट दूध मागतों, तेव्हां ही मागणी कोठें जाऊन पोहोंचते, हें आपल्या ध्यानांत नसतें.

खरवसाचेंही असेंच. खरवस मलाही आवडतो; वेलदोडा घातलेल्या खरवसाची वडी समोर आली तर मी हात आंखडता घेत नाहीं. पण चीक म्हणजे वासराची पहिली लस आहे. गाईच्या पोटांत असतांना वासराला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यें मिळत नाहींत. तीं चिकांतून मिळतात, आणि वासराचें आंतडें तीं पहिल्या चोवीस तासांतच, त्यांतही पहिल्या कांहीं तासांत उत्तम, शोषून घेतें. दहा लिटर चीक देणाऱ्या संकरित गाईच्या मालकानें उरलेला विकला तर हरकत नाहीं. दोन लिटरांच्या डांगी गाईचा चीक बाजारांत आला, तर तो कोणाच्या तोंडचा आला, हें उघड आहे. ती म्हातारी पहिले तीन दिवस भांडें घेऊन गाईखालीं बसतच नसे.

आतां दुसरी बाजू. नाहीं तर मी जुन्या रीतीचा भाट झालों असें आपणांस वाटेल. म्हातारीनें मला धार शिकविली ती अंगठा मुडपून. सड तर्जनी व मुडपलेल्या अंगठ्याच्या सांध्यामध्यें दाबून खालीं ओढावयाचा. अशानें हाताला जोर येतो आणि दूध लवकर येतें. पण सडाच्या आंतलें नाजूक अस्तर त्या हाडाखालीं चिरडतें. तेथें गांठ धरते, धार वांकडी उडूं लागते, आणि एखादे वेळीं तो सड कायमचा बंद होतो. तिच्या गाईचा एक सड तसा बंदच होता. ती दैवाला बोल लावी. शिवाय धार सुलभ व्हावी म्हणून ती मधून मधून बोटें दुधांत बुडवून ओलीं करी. ओल्या बोटांवरून मळ सडांत जातो आणि सडावरून थेंब भांड्यांत पडतो. मोठ्या सडांची गाय असेल तर उत्तम रीत म्हणजे सड पुरता मुठींत धरावा, अंगठा व तर्जनी यांनीं वरचें तोंड बंद करावें, आणि मग बाकीचीं बोटें एकामागून एक मिटावींत. ओढावयाचें नाहीं, दाबावयाचें. डांगी गाईचे सड आंखूड; मुठींत येत नाहींत. तेथें चिमटीच घ्यावी लागते. पण अंगठा सरळ, बाहेर ठेवून चिमट घेतां येते.

कासेच्या दाहाला तिकडे दगडी म्हणतात. कास खरोखरच दगडासारखी होते. तो रोग हातानें पसरतो. आजारी गाईची धार काढून तोच हात निरोगी गाईला लावला कीं काम झालें. म्हणून आजारी गाय शेवटीं पिळावी. धारेनंतर सडाचें तोंड सुमारें अर्धा तास उघडें राहतें. तेवढ्यांत गाय शेणांत बसली तर जंतूंना दार मोकळेंच. म्हणून धार झाल्यावर तिच्यापुढें वैरण टाकावी, म्हणजे ती उभी राहते. दुखणें बाहेर दिसण्यापूर्वीं ओळखण्याचा एक घरगुती उपायही आहे. कपडे धुण्याची पावडर पाण्यांत विरघळवावी आणि वाटींत एकेका सडाचें थोडें दूध त्यांत ढवळावें. दूध चिकट, बुळबुळीत झालें तर त्या सडांत दाह सुरू झाला असें समजावें. दाहाबरोबर दुधांत ज्या पांढऱ्या पेशी येतात, त्या फुटून तो चिकटपणा येतो. तपासलेलें दूध अर्थातच फेंकून द्यावयाचें.

येथें मघांची पाण्याची गोष्ट येते. पत्रकांत लिहिलेलें असतें कीं, धारेपूर्वीं कास कोमट पाण्यानें स्वच्छ धुवावी. लिहिणाराच्या घरीं नळ असतो. वैशाखांत दोन हंड्यांसाठीं तासभर चालणाऱ्या बाईला आपण हें सांगितलें, तर ती मान डोलावते आणि तांब्याभर पाणी कासेवर शिंपडते. तें न धुण्याहून वाईट. कारण मळ निघत तर नाहीं, उलट ओला होऊन ओघळत सडाच्या तोंडाशीं जमतो. शेण लागलेलें नसेल तर कोरड्या, धुतलेल्या, उन्हांत वाळविलेल्या फडक्यानें सड नीट पुसावेत. प्रत्येक गाईला निराळें फडकें. वासराची लाळही त्याच फडक्यानें टिपावी. पाणी असेल तेवढें आपल्या हातांना वापरावें. एवढी गोष्ट सांगावयास कोणी डांगाणांत आलेला मला माझ्या पहिल्या दहा वर्षांत भेटला नाहीं. पुढें एक पशुवैद्य आले, त्यांनीं सांगितली. त्यांच्याकडूनच मी अंगठ्याचीही गोष्ट शिकलों. पण त्यांच्या सभेला चावडीवर जमले ते सगळे पुरुष. बाया त्या वेळीं धारा काढीत होत्या.

मीं जाऊन म्हातारीला अंगठ्याचें सांगितलें. तिनें आपला हात माझ्यापुढें धरला. बोटें सांध्यांत वांकलेलीं, अंगठा सरळ होतच नव्हता. “आता ह्यो हात नवं काय शिकतो!” ती म्हणाली, आणि दुसरीच्या वर्गांतल्या आपल्या नातीला हांक मारून गाईखालीं बसविलें.

घाटाखालच्या आपल्या घरांत वसुबारस साजरी होते, तोच दिवस डांगाणांत वाघबारस. वसुबारसेला आपल्या बायका गाय-वासराची पूजा करून त्या दिवशीं गाईचें दूध वर्ज्य करतात. तिकडे गुराखी रानांत वाघोबापुढें खीर शिजवितात, कारण वर्षभर गुरें राखावयाचीं तीं त्याच्याच मुलुखांत. निवृत्तीनंतर एका वाघबारसेला मी त्या पाड्यावर गेलों होतों. म्हातारी केव्हांच वारली. नात आतां संसारी बाई आहे; लग्न त्याच पाड्यावर झालें. तिच्या दावणीला एक संकरित गाय आणि एक डांगी. संकरित गाईचें वासरूं ती पहिल्या दिवसापासून बाटलीवर वाढविते. डांगी गाईचें सोडते. दोन खुंट्यांवर दोन फडकीं वाळत होतीं. तिनें मला कौतुकानें चरवी हातीं दिली आणि डांगी गाईखालीं बसविलें. गाईनें मला हुंगलें आणि पाय उचलला नाहीं. दोन-तीन धारा नीट पडल्या, मग जुनी खोड आली असावी, कारण पाठीमागून आवाज आला, “गुरुजी, अंगठा बाहेर!”